गावरिलची पहार

आमच्या दाजींना, म्हणजे सावेताताईच्या नवऱ्याला, कुठलंही वचन नुसतं ऐकून घरी जाता येत नाही. गुरुवारच्या प्रार्थनेत दोम्निका म्हातारी डोळे मिटून प्रभूचं वचन बोलायला लागली की बाकीची मंडळी 'आमेन' म्हणतात, दोघंतिघं वहीत लिहून घेतात आणि घरी जाऊन निवांत मक्याच्या पिठाची मामालिगा खातात. गावरिलदाजी घरी जाऊन हत्यार शोधतात. चार वर्षांपूर्वी 'तुझ्या घरात जे सारखं बोलतं आणि कधी प्रार्थना करत नाही ते बाहेर काढ' असं वचन आलं. ताई दोन दिवस अबोला धरून होती, तिला वाटलं आपल्यालाच काढतोय. दाजींनी टीव्ही हातगाडीवर घालून माझ्या अंगणात आणला आणि म्हणाले, "निकिफोर, मोडून टाक." तो मला अजून मोडायचाय. माझ्या माळ्यावर घोंगडीखाली आहे. अधूनमधून चालतो का ते बघावं लागतं.

ह्या उन्हाळ्याचं सांगायचं तर आधी पुलाचं सांगायला हवं. एप्रिलमध्ये ओढ्याला पाणी आलं आणि पूल गेला. सरपंच आले, काठावर उभे राहून पाहिलं, म्हणाले शरद ऋतूपर्यंत नवा होईल. कुठल्या वर्षीचा ते बोलले नाहीत. लोकांनी तिथं एक फळी टाकली. माणूस जाऊ शकतो, गाडी नाही.

आणि दाजींचं गवत टेकडीवर, रस्त्यानं गेलं तर ओढ्याच्या पलीकडं. त्यांच्या थोरल्या भावाचं, इलारीचंही तिथंच, शेजारी शेजारी. त्यांच्या बापाच्या, म्हाताऱ्याच्या काळी टेकडीवरून गाडीवाट सरळ उतरायची ती ह्या दोघांच्या एकाच अंगणात, आणि अंगणातून फाटकातून रस्त्यावर. ना ओढा मध्ये, ना पूल. म्हातारा गेला, अंगणाचे दोन भाग झाले. वरचं इलारीचं, रस्त्याकडचं दाजींचं, तरी वाट दोघांची होती. मग नऊ वर्षांपूर्वी दाजी इटलीहून गवंडीकाम करून परत आले आणि त्यांनी आपल्या अंगणात काँक्रीट ओतलं. गावातलं पहिलं. संध्याकाळी फळीनं सपाट करून, पाणी मारून आत गेले. सकाळी बघतात तर ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत इलारीच्या मुरा घोडीच्या खुरांचे चौदा ठसे. इलारी म्हणाला, "घोडीला काय ठाऊक तू इटलीला जाऊन आलास म्हणून."

आठवड्याच्या आत मधोमध कुंपण उभं राहिलं. पुरुषभर उंचीच्या देवदारी फळ्या, खांब काँक्रीटमध्ये. इलारीचा रस्ता बंद. रंग देऊन झाल्यावर दाजी दोन पावलं मागं सरले आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की टेकडीवर जायची आपलीही वाट गेली. मी शेजारीच उभा होतो. त्यांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी रंगाचा दुसरा हात दिला.

तेव्हापासून दोघं पुलावरून वळसा घालायचे, एक रस्त्यावर यायला, दुसरा टेकडीवर जायला. पुलावर समोरासमोर आले तर दोघंही आभाळाकडं बघायचे आणि मुरा आपण होऊन मागं सरायची. पाळक सामुइलनं विचारलं की दोघंही सांगायचे, "भांडण नाही, फक्त बोलत नाही." असं नऊ वर्षं चाललं. पूल होता तोवर चाललं.

यंदा गवत चांगलं आलं होतं. सोमवार-मंगळवारी दाजींनी आणि मी मिळून कापलं. त्यांचे चारही मुलगे इटलीत, ते फोनवरून आशीर्वाद मागतात. दाजी एकसष्ट वर्षांचे, डावं कंबरेचं हाड बसताना वाजतं. गुरुवारपर्यंत गवत वाळून हलकं झालं, रविवारी पाऊस सांगितला होता. गवत आलं नाही तर दोन्ही गाई हिवाळ्याआधी विकायच्या, हे ताईला कुणी सांगावं लागत नव्हतं.

"जोयाना गाय गेली तर मी पण तिच्याबरोबर जाईन," ती म्हणाली. "जो घेईल त्याच्या गोठ्यात झोपेन. तो निदान गवत तरी आणत असेल."

त्या गुरुवारी संध्याकाळी, ऊन अजून खिडकीत होतं, दोम्निका बोलायला लागली. आवाज रोजचाच, दूध मोजताना असतो तसा.

"ह्या घरात एक माणूस आहे. त्यानं आपल्या हातांनी असं काही बांधलंय जे बांधायला मी सांगितलं नव्हतं. ते मोड, प्रभू म्हणतो. गवत घरात येण्याआधी मोड. जिथून मोडशील तिथूनच, तुझ्याकडं जे नाही ते मी आत आणीन."

बायकांच्या बाजूच्या सगळ्या ओढण्या एकदम दाजींच्या पाठीकडं वळल्या. पहिल्या बाकावर इलारीचे कान लाल झाले. ताईनं 'आमेन' इतक्या जोरात म्हटलं की सामुइल पाळकाच्या हातातून गीतपुस्तक पडलं.

आता तुम्ही म्हणाल, मग कुणी दाजींना सांगितलं का नाही? आमच्यात ती रीत नाही. वचन ज्याचं त्यानं ओळखायचं. दुसऱ्यानं बोट दाखवलं की ते वचन राहत नाही, चुगली होते. त्यामुळं अख्खी मंडळी प्रार्थनाघराबाहेर दाजींच्या भोवती उभी राहून हवापाण्याच्या गप्पा मारत राहिली.

दाजी मात्र उजळून निघाले होते. "माझ्यासाठीच होतं ते," वाटेत मला म्हणाले. "मीच गवंडी. माझ्याइतकं ह्या गावात बांधलंय कुणी? आता फक्त कुठलं ते शोधायचं."

"बघा बुवा," मी म्हणालो. ताईनं मला मागून चिमटा काढला.

शुक्रवारी सकाळी मी हातगाडी घेऊन पोचलो तेव्हा दाजी अंगणातली पावाची भट्टी फोडत होते. पहार घालून निम्मी पाडली होती. ताई दारात पिठाच्या परातीसह उभी.

"कणीक भिजवलीय मी," ती म्हणाली.

"वचन मोठं की पाव?"

"वचनात भट्टी कुठं आली?"

"आपल्या हातांनी बांधलेलं म्हटलंय. ही मी विचारून बांधली का प्रभूला? नाही बांधली."

"मग मला विचारून बांधली होती ती! मी सांगितलं होतं, ते चालत नाही का?"

भट्टी पडली. तिच्या बुडातून एक साळिंदरासारखा काटेरी चिचुंद्रा निघाला, मागून तीन पिल्लं. चौघं रांगेत अंगण ओलांडून उघड्या दारातून सरळ स्वयंपाकघरात गेले. दाजी त्यांच्याकडं आशेनं बघत राहिले.

"हे आपल्याकडं नव्हतं," ते म्हणाले.

"आणि नको होतं," ताई म्हणाली आणि झाडू शोधायला गेली.

दाजी तडक दोम्निकाकडं गेले, मी मागून. म्हातारी गाईखाली बसून धार काढत होती.

"बहिणी, एवढंच सांग," दाजी टोपी काढून म्हणाले, "वीट आहे की लाकूड?"

"काय वीट की लाकूड?"

"ते मोडायचं."

"मी नुसता नळ आहे, गावरिल. पाणी कुठून येतं ते नळाला काय विचारतोस? सर तिकडं, गाय बुजतेय."

"लाकूड असेल तर नुसती मान हलव."

दोम्निकानं मान हलवली नाही. पण मी गेली तीस वर्षं तिला ओळखतो. तिनं ओठ दाबून धरले होते आणि दुधाची धार बादलीबाहेर जात होती.

दुपारी आम्ही तिघं गवत आणायला गेलो. चादरीत गवत भरायचं, चार टोकं बांधायची, पाठीवर घ्यायचं, उतार उतरायचा, फळीवरून ओढा ओलांडायचा, मग रस्त्यानं वळसा. गवताचे तुकडे सदऱ्यात शिरतात, मानेवर घामाला चिकटतात. एका खेपेला जे येतं ते जोयाना आठवड्यात संपवते. तिसऱ्या खेपेला दाजींच्या हाडानं फळीच्या मधोमध आवाज केला आणि ते भाऱ्यासकट ओढ्यात बसले. पाणी गुडघाभरच. भारा आधी तरंगला, मग भिजला, मग निघून गेला.

पलीकडच्या उतारावर इलारी आणि त्याचे दोन धट्टेकट्टे मुलगे गाडी भरत होते. मुलं हसली. इलारीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं तशी गप्प झाली. तो काठापर्यंत आला. वाटलं, आता बोलतो. त्यानं दाजींची वाहत आलेली टोपी दाताळ्यानं अडवली, काठावरच्या दगडावर ठेवली आणि परत गेला.

दाजी पाण्यातच बसून होते. "सहा भाऱ्यांत एक कोपरा झाला नाही, निकिफोर," ते म्हणाले. "चुकीचं मोडलं मी. भट्टी नव्हती ती." मला त्यांची फार दया आली, आणि त्याच वेळी ती टोपी डोक्यात घालून त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

संध्याकाळी त्यांनी संडास पाडला.

गावात बाकी सगळ्यांचे लाकडी, दाजींचा विटांचा, आत इटलीच्या निळ्या फरश्या. पाहुणे आले की दाजी आधी तो दाखवायचे. "गर्व होता तो माझा," पहार मारता मारता ते म्हणत होते. "आता कळलं. गर्वच." फरश्या फुटताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. शेवटी खड्डाही राड्यारोड्यानं बुजला.

ताई हात बांधून उभी होती. "बरं. आता?"

"आता विश्वासानं राहायचं."

"किती वेळ राहायचं? मी फार तर उद्या सकाळपर्यंत राहीन."

दाजी दमले होते. त्यांनी पाटीभर आंबट चेऱ्या खाल्ल्या, वरून दोन वाडगे दही प्यायले आणि झोपले.

शनिवारी उजाडल्यावर मी आलो तर ताई कुंपणाशी. तीच पहार फळीच्या फटीत घालून तिनं दोन फळ्या उपटल्या होत्या. पलीकडं इलारीची बायको पारास्किवा फळ्या धरायला. ह्या दोघी जावा कधी भांडल्याच नव्हत्या. नऊ वर्षं कुंपणावरून अंडी, विरजण आणि अख्ख्या गावाच्या बातम्या जातयेत होत्या.

"ये गं," पारास्किवा म्हणाली, "आमचा मोकळाच आहे." ताई फळ्यांमधून आडवी होऊन गेली आणि जरा वेळानं समाधानानं परत आली.

दाजी दारात आले. चेहरा पिवळा, एक हात पोटावर.

"हे कुणी केलं?"

"गरजेनं."

"माझ्या कुंपणाला... " एवढं बोलून ते थांबले. चेऱ्या आणि दही आपलं काम करत होते. त्यांनी बुजलेल्या खड्ड्याकडं पाहिलं. रस्त्याकडं पाहिलं, तिथं पाळक सायकलवरून चालला होता. मग नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या बाजूला पाऊल टाकलं. फळ्यांमध्ये पोट अडकलं तेव्हा मी मागून ढकललं.

इलारीचा संडास परसात, कुंपणापासून दहा पावलांवर. दार लागलं. मी आणि ताई कुंपणाच्या ह्या बाजूला उभे. तेवढ्यात इलारी स्वतः पायजम्याची नाडी धरून आला आणि दारावर थाप मारली.

"पारास्किवा, आटप की."

त्यानं पुन्हा थाप मारली.

"अगं, घोडी जुंपायचीय मला."

आत कुणीतरी खोकलं. तो खोकला गावात दोघांकडंच आहे, म्हाताऱ्या बापाकडून आलेला, आधी दोनदा लहान आणि मग एक मोठा. इलारीचा हात दारावरच राहिला.

"गावरिल?"

"हो."

"वेळ लागंल?"

"थोडा."

"बस. घाई नाही." इलारी दाराकडं पाठ करून ओंडक्यावर बसला. ताईनं माझं तोंड तळहातानं दाबून धरलं होतं, आणि तिचे स्वतःचे खांदे हलत होते.

"गवत वरच पडलंय तुझं," इलारी म्हणाला.

"माहिताय."

"उद्या पाऊस आहे."

"तेही माहिताय."

"मग?"

आतून दाजींचा आवाज आला, लहान, कधी ऐकला नव्हता असा. "दादा, इथला कागद संपलाय."

इलारी उठला, घरात गेला आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन आला. त्याची नीट चार पानं फाडून दाराखालून आत सरकवली.

आत काय झालं ते देवाला ठाऊक. पण बराच वेळ कागदाचा आवाजसुद्धा आला नाही. दार उघडलं तेव्हा दाजी भूत बघितल्यासारखे उभे होते. ते सरळ फळ्यांपाशी आले, आत हात घालून मला म्हणाले, "पहार दे."

"दाजी, आधी हात..."

"पहार दे, निकिफोर. जिथून मोडशील तिथूनच म्हणाली होती ती. माझ्याकडं नव्हतं, आणि आत आलं. दाराखालून आलं."

त्या माणसानं नऊ वाजेपर्यंत एकट्यानं सगळ्या फळ्या उपटल्या. इलारी म्हणाला, "खांब राहू दे, गाडी जाईल मधून." दाजी म्हणाले, "वचन अर्धं नसतं," आणि करवत मागितली. मग इलारीच्या मुलांनी खांब बुडापासून कापले. मग कुणी काही न विचारता मुरा जुंपली गेली.

नऊ खेपा झाल्या. टेकडी, इलारीचं अंगण, दाजींचं अंगण, गोठा. मुलं काट्यानं वर फेकत होती, मी गाडीवर तुडवत होतो, इलारी लगाम धरून. पहिल्या खेपेला मुरा काँक्रीटच्या कडेशी अडली. नाकानं वास घेतला. नऊ वर्षांत त्या ठशांत पावसाचं पाणी साठायचं आणि कोंबड्या प्यायच्या. कडा गुळगुळीत झाल्या होत्या. तिनं पाय उचलला आणि बरोबर ठशाशेजारी ठेवला. इलारीनं मान खाली घातली. दाजी कंबरेवर हात ठेवून गोठ्याच्या दारात उभे होते, सगळ्यांना ओरडून कुठं रचायचं ते सांगत होते, आणि कुणी त्यांचं ऐकत नव्हतं. ताईनं फुटक्या भट्टीच्या विटांवर तवा ठेवून सगळ्यांना भाकरी भाजून घातल्या. शेवटची गाडी आत गेली तेव्हा टेकडीमागं आभाळ काळं झालं होतं.

रविवारी प्रभुभोजन. त्याआधी आमच्यात पाय धुतात. पुरुष मागच्या खोलीत, बायका पुढं. शेजारी बसेल त्याचे पाय धुवायचे. नऊ वर्षं इलारी पहिल्या बाकावर आणि दाजी शेवटच्या, ते ह्याचसाठी. त्या दिवशी इलारी आत आला, पहिल्या बाकापाशी थांबला, आणि शेवटपर्यंत चालत आला. मला म्हणाला, "सरक." मी सरकलो.

दाजींनी कमरेला टॉवेल बांधला, घमेलं ओढलं आणि गुडघ्यांवर बसले. हाड वाजलं ते सगळ्यांनी ऐकलं. इलारीनं मोजा काढला. पाय रुंद, टाचा भेगाळलेल्या, अंगठ्याचं नख काळं.

"घोडीनं पाय दिलाय," इलारी म्हणाला.

"चांगली आहे घोडी," दाजी म्हणाले आणि पाणी घातलं.

बाहेर पत्र्यावर पहिले थेंब पडायला लागले. इलारी खाली वाकला. मी बाजूलाच होतो म्हणून ऐकू आलं.

"गावरिल. ती आपण होऊन नव्हती गेली. तुझ्या काँक्रीटवर. मी लगाम धरून नेली होती."

दाजी त्याची टाच चोळत राहिले. "माहिताय."

"कसं माहिताय?"

"चौदा खुरांशेजारी बुटांचे ठसेही होते तुझे. डाव्याची टाच झिजलेली."

"मग ते कुठं गेले? मी दुसऱ्या दिवशी बघायला आलो होतो. नुसते खुराचे होते."

"मी बुजवले. सिमेंट घालून. गाव उठायच्या आत." दाजी मान वर करेनात. "लोकांनी काय म्हटलं असतं तुला."

इलारीनं एक पाय घमेल्यात आणि एक टॉवेलवर अशा अवस्थेत तोंडावर हात घेतला. मला वाटतं मी पण रडलो. माझ्या तोंडाकडं तेव्हा कुणी बघत नव्हतं म्हणून बरं.

मग दाजींना उठता येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, हाडानं साफ नकार दिला. इलारी ओल्या पायांनी उठला, त्यांच्या काखेत हात घालून त्यानं भावाला उचललं आणि शांतीचं चुंबन दोन्ही गालांवर दिलं. उभे राहिल्यावरही सोडलं नाही.

"उद्यापासून तुझा संडास बांधायला घेऊ," तो कानाशी म्हणाला. "आमच्याकडं रांग लागतेय."

"कुठं बांधायचा?"

"कुंपण होतं तिथंच. दोन्ही घरांना जवळ पडेल."

दाजी नाक पुसत होते, पण बांधायचं नाव निघताच सावध झाले. "तसं वचन आलंय का?"

"नाही," इलारी म्हणाला. "हे मी सांगतोय."

दाजींनी जरा विचार केला.

"मग खड्डा तू खण," ते म्हणाले.